शालनच्या कार्डांवरचे गुण

शालननं कार्डांचं पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "आज तीनशे चाळीस भरले नाहीत ना, तर उद्यापासून बंद. क्लबात निरोप देऊन येते. पिस्तुलाचा विषय संपला."

मी भाकरी मोडत होतो. "जेवू तरी दे."

"जेवा की. मी काय हात धरलाय? पण आधी मोजा."

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होतील. आम्ही तेव्हा कोल्हापुरात राहायचो आणि मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. इन्स्पेक्टर म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरतात, पण मी तपासायचो ते पंपाचे शाफ्ट. शाफ्ट केसभर जाड निघाला तरी परत. माझ्या हातून वाईट माल सुटला असं म्हणणारा माणूस उद्यमनगरात नव्हता, आणि हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात फुशारकीला जागाच नाही.

शालन बायकांचा शिवणक्लास चालवायची. क्लासच्याच इमारतीत मागच्या गोदामात सुभेदार खराडेंनी नेमबाजीचा क्लब काढला. फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस, स्वस्थ बसवत नव्हतं. एकदा शिवणक्लासच्या बायका गंमत म्हणून बघायला गेल्या. खराडेंनी प्रत्येकीच्या हातात एअर पिस्तूल देऊन दहा-दहा छर्रे मारायला लावले. बाकीच्यांचे छर्रे भिंतीत गेले आणि हिचे सात काळ्या गोलात. खराडे तिला म्हणाले, "ताई, उद्यापासून पाच वाजता." झालं, तिथून सुरुवात.

क्लबचा एक नियम होता. आपलं कार्ड आपण मोजायचं नाही, दुसऱ्यानं मोजायचं. सात वाजता गोदामाला कुलूप लागायचं, त्यामुळं मंडळी कार्डं पाकिटात घालून घरी न्यायची आणि कुणाकडून तरी मोजून आणायची. हळूहळू सगळ्यांचीच कार्डं माझ्याकडं यायला लागली. एक तर मी इन्स्पेक्टर, आणि दुसरं म्हणजे क्लबचं गेज मीच लेथवर करून दिलं होतं आणि तसंच एक घरी ठेवलं होतं. खराडे सगळ्यांना सांगायचे, "मगदूमनं मोजलं ना? मग विषय मिटला."

कार्डावर एकात एक दहा वर्तुळं असतात. मधल्याला दहा गुण, बाहेर जाल तसा एकेक कमी. चाळीस छर्रे मारायचे, म्हणजे चारशेपैकी हिशेब. छर्रा दोन वर्तुळांच्या मधल्या रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. आता शिवला की नाही हे फाटक्या कागदावर डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी गेज. बोटाएवढी पोलादी काडी. खालचं बारीक टोक भोकात घालायचं, वर छर्र्याच्या मापाची गोल कड असते. ती कड रेषेला टेकली की वरचा गुण, नाही टेकली की खालचा. गेज सरळ उभं धरायचं, एवढंच पथ्य.

तर त्या संध्याकाळी मी आठही कार्डं मोजली. तीनशे एकोणचाळीस.

एक छर्रा संशयी होता, आठ आणि नऊच्या रेषेजवळ. गेज घातलं, भिंग लावलं. कड रेषेपासून केसभर लांब. म्हणजे आठ. त्यात शंका घ्यायला काही नव्हतंच.

मी मान वर केली. शालन ओट्याला टेकून पदराला हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत होती.

आम्हाला मूल नाही. त्यावरून लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं होतं. नंतर नंतर आम्हीच एकमेकांशी बोलेनासे झालो होतो. भांडण नव्हतं हो, पण मी पेपर वाचायचो आणि ती खिडकीशी बसायची. क्लब सुरू झाला आणि ही बाई घरात पाऊल टाकल्यापासून बोलायला लागली. आज श्वास कुठं चुकला, खराडे कुणावर खेकसले, कुणाचा छर्रा बल्बला लागला. मी पेपर बाजूला ठेवून ऐकायचो. आणि आता एका गुणासाठी हे बंद होणार होतं.

मी गेज जरासं कलतं केलं. कड रेषेला टेकली.

"नऊ," मी म्हणालो. "तीनशे चाळीस."

"खरंच?"

"गेज खोटं बोलतंय काय?"

ती इतकी हसली की मला भाकरीबरोबर काय खाल्लं तेही आठवत नाही.

कारखान्यात मी नव्या पोरांना सांगायचो की एकदा ड्रॉइंगवर चुकीचं माप गेलं की पुढचा सगळा माल त्या मापाचाच करावा लागतो. घरात मला तेच भोगावं लागलं. आज तीनशे चाळीस म्हटल्यावर उद्या तीनशे छत्तीस कसे सांगणार? पुन्हा थोडं कलतं. ती खरोखर दोन गुणांनी सुधारली की मी कौतुकानं आणखी एक घालायचो. वर्षभरानं गेज कलतं करायची तसदीही मी घेईना. छर्रा रेषेच्या आसपास दिसला की पेन्सिलीनं वरचा आकडा लिहून मोकळा. बाकीच्या मंडळींची कार्डं मात्र काटेकोर. त्यांना एका गुणाची सूट नाही. एकदा एका वकिलांनी दहासाठी माझ्याशी अर्धा तास हुज्जत घातली, मी नऊच दिले. मला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, हे आता सांगतानाही नवल वाटतं.

पहिली मॅच सांगलीला झाली. घरी, म्हणजे क्लबच्या सरावात, तीनशे अठ्ठेचाळीस मारणारी शालन तिथं तीनशे चव्वेचाळीसवर आली. खराडे म्हणाले, "होतं पहिल्या मॅचला. भीती असते."

दुसरी मॅच, चार-पाच गुण कमी. तिसरी, सहा गुण कमी. घरचा आकडा चढत होता आणि मॅचचा आकडा त्याच्या मागून पाच-सहा पायऱ्या सोडून चढत होता. शालननं त्याला नाव दिलं, "मॅचमध्ये माझा हात मरतो."

मग उपाय सुरू झाले. खराडेंनी दीर्घ श्वास सांगितला. डॉक्टरांनी लाल गोळ्या दिल्या. कुणीतरी म्हणालं, चहानं हात कापतो. तिनं चहा सोडला. सकाळी उठल्यावर आणि क्लासनंतर अशा दोन कपांवर जगणारी बाई, दोन्ही सोडले. शेजारच्या नष्टेकाकूंनी कुठल्याशा देवाचा काळा दोरा आणून तिच्या दंडाला बांधला. मग कुणीतरी सांगितलं की गोंगाटाची सवय करा. त्यावर शालननं मला कामाला लावलं. ती इस्त्री हातात धरून भिंतीकडं नेम धरायची आणि मी तिच्या कानाशी उभा राहून परातीवर चमचा बडवायचो.

"जोरात बडवा की," ती म्हणायची. "मॅचमध्ये काय अंगाई गातात?"

मी जोरात बडवायचो. खालच्या मजल्यावरचे लोक दोनदा वर येऊन गेले.

अशी तीन वर्षं गेली. मी सांगून टाकायचं ठरवलं नव्हतं असं नाही. दर मॅचनंतर ठरवायचो. पण ती बसमधून उतरून म्हणायची, "घरी तुम्ही मोजता तेव्हा कसे येतात हो? म्हणजे माझ्यात आहे. असतंय माझ्यात, तिथं जाऊन मरतंय." ज्या आकड्यावर तिचा सगळा जीव होता तोच मी कसा काढून घेणार? मी म्हणायचो, "होईल." आणि पुढचं पाकीट उघडायचो.

तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात पुण्याहून अर्ज आला. जानेवारीत राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. चाचणीत तीनशे साठ मारले की संघात. घरी माझ्या मोजणीनं शालन तीनशे एकसष्ट-बासष्ट मारत होती. मॅचला तीनशे चोपन्न-पंचावन्न.

"मी जात नाही," ती खराडेंना म्हणाली. आम्ही तिघं क्लबच्या टेबलापाशी बसलो होतो. आत कुणाचातरी सराव चालला होता. "जाऊन पुन्हा हात मारून घेऊ? कऱ्हाडच्या मॅचला तोंड लपवून आले ते पुरे झालं."

"ताई, तुम्ही बासष्ट मारता."

"इथं. तिथं नाही. काही माणसं भित्री असतात, सुभेदार. मी भित्री आहे. तीन वर्षं बघितलं की तुम्ही."

"एकदा जा. शेवटचं म्हणून जा."

शालननं टेबलावरचा अर्ज उचलून वाचला आणि परत ठेवला. मग म्हणाली, "शेवटचं. तिथंही हात मेला तर मी पिस्तुलाला पुन्हा हात लावणार नाही. मग मला कुणी समजवायला यायचं नाही."

"कबूल," खराडे म्हणाले आणि त्यांनी लगेच अर्ज पुढ्यात ओढला. सरावाचे शेवटचे दहा स्कोअर लिहायचे होते, सरासरी किमान साडेतीनशे हवी होती. त्यांनी वहीतून आकडे उतरवले. मग कागद माझ्याकडं सरकवला. "खाली मोजणाऱ्याची सही. करा, मगदूम."

मी पेन उघडलं. वर दहा आकडे होते, खाली रेघ होती आणि रेघेखाली छापलं होतं, 'वरील गुण मी तपासले असून ते बरोबर आहेत.'

तोंडानं आकडा सांगणं निराळं. इन्स्पेक्शनच्या कागदावर सही करणं निराळं. एकदा मालकाच्या मेहुण्याचा माल आला होता, चारशे शाफ्ट. मालक स्वतः टेबलाशी उभा होता. मी सही केली नाही. मालक महिनाभर माझ्याशी बोलला नाही. वीस वर्षांत चुकीच्या मापाखाली माझी सही कधी गेली नव्हती, आणि आता हात त्या रेघेवर जाऊन थांबला तो थांबलाच.

"पेन चालत नाही काय?" खराडेंनी विचारलं.

"चालतंय."

"मग?"

"हे आकडे बरोबर नाहीत."

खराडेंनी वही उघडून बोट फिरवलं. "बरोबर उतरवलेत की."

"उतरवलेत बरोबर. मोजलेत चुकीचे."

शालननं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे?"

"संशयी छर्रे मी वर मोजले. तुझे तेवढेच."

आत कुणीतरी छर्रा मारला, टप्प असा आवाज झाला. खराडे आतल्या दाराकडं बघून ओरडले, "बंद करा रे जरा!"

"किती?" शालननं विचारलं.

"चाळिसात सहा-सात."

"दर वेळी?"

"अलीकडं दर वेळी."

"आणि कधीपासून?"

"तीनशे चाळीसपासून."

तिला आठवायला क्षणभर लागला. "ते तीनशे चाळीस..."

"एकोणचाळीस होते."

खराडेंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशाला अडकवलं. पेन माझं होतं.

"बाकीच्यांची कार्डं?" त्यांनी विचारलं.

"ती बरोबर आहेत. एकात जरी चूक निघाली तर..."

"गप्प बसा."

शालन उठली. तिचा आवाज नेहमीचाच होता, त्याचंच मला जास्त भय वाटलं. "सुभेदार, माझी सगळी कार्डं घरी डब्यात आहेत. उद्या रविवार. सकाळी येता?"

"येतो."

"क्लबचं गेज घेऊन या," ती म्हणाली, "आणि मोजायला तुम्हीच बसा."

खराडे सकाळी आठला आले. शालननं पिठाचा असतो तसला पत्र्याचा मोठा डबा ओढून आणला आणि गेल्या सहा महिन्यांची पाकिटं जमिनीवर तारखेनं लावली. कामाची वाटणी तिनंच केली. मी माझा पेन्सिलीचा आकडा वाचायचा, खराडेंनी गेज लावून खरा आकडा सांगायचा, ती लिहिणार.

"नऊ," मी वाचलं.

"आठ," खराडे.

"दहा."

"नऊ."

"नऊ."

"आठ."

"आठ."

खराडेंनी भिंग जवळ नेलं. "आठ. हा बरोबर आहे."

"हा कसा काय सुटला?" शालननं विचारलं.

मी पुढचं कार्ड उचललं. दहा वाजेपर्यंत असंच चाललं. एकदा नष्टेकाकू दारात येऊन "काय चाललंय?" विचारून गेल्या. शालन म्हणाली, "तपासणी." काकूंनी माझा चेहरा बघितला आणि दार लोटून घेतलं.

सगळं झाल्यावर शालननं कपाटातून तिची मॅचची डायरी आणली. एका बाजूला मॅचचा आकडा, शेजारी त्याच आठवड्यातला घरचा खरा आकडा, असं तिनं कागदावर मांडलं. कऱ्हाड, तीनशे पंचावन्न. घरी, तीनशे चोपन्न. इस्लामपूर, तीनशे बावन्न. घरी, तीनशे बावन्न. सातारा, तीनशे चोपन्न. घरी, तीनशे त्रेपन्न.

ती त्या कागदाकडं बघत राहिली. तिचं बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होतं, परत पहिलीवर येत होतं.

"सुभेदार," ती म्हणाली, "मी मॅचमध्ये खाली येत नव्हते?"

"नाही."

"एकदाही?"

"साताऱ्याला एकानं वर आहात. कऱ्हाडलाही."

"म्हणजे माझा हात मरत नव्हता."

खराडे फौजी माणूस, त्यांना असल्या वेळी काय बोलावं कळत नसे. ते म्हणाले, "आकडे तरी तसंच म्हणतायत, ताई."

मग ती माझ्याकडं वळली. "मी तीन वर्षं चहा प्याले नाही."

"हो."

"त्या लाल गोळ्या खाल्ल्या. दोरा बांधला. रात्री झोपताना देवाला सांगायचे, माझी भीती काढ. अहो, नसलेली भीती देव तरी कुठनं काढणार? आणि तुम्ही परात घेऊन माझ्या कानाशी उभे राहायचात. ते कशाला?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी म्हणाले, कारण मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. मी भित्री नाही हे या जगात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही चमचा बडवत होतात."

ती रडायला लागली. हुंदके वगैरे नाहीत, नुसतं डोळ्यांतून पाणी, आणि ते पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही. मी तिच्यासाठी केलं, प्रेमानं केलं, असं म्हणायची फार इच्छा झाली होती, आणि ते खरंही होतं. पण जमिनीवर ती सगळी कार्डं पसरली होती आणि ते वाक्य त्यांच्यासमोर तोंडातून निघेना.

ती उठून आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं चहा घेऊन आली, दोन कप. एक खराडेंना दिला आणि एक स्वतः उभ्या उभ्या प्याली, बशीत न ओतता, गरमच.

खराडे कप हातात धरून कार्डांकडंच बघत होते. "ताई, हे इकडं या बघा." त्यांनी सात-आठ कार्डं एका रांगेत लावली. "यांनी जे जे छर्रे वर चढवलेत ते सगळे एका जागी आहेत. गोलाला घड्याळ समजा. सगळे सात वाजता. खाली डावीकडं."

शालन वाकली. "बाकी ठिकाणी नाहीत?"

"नाहीत. हा हिसका आहे. चाप ओढताना तुम्ही बोटाबरोबर अख्खी मूठ आवळता, नळी खाली डावीकडं जाते. पहिल्या वर्षीच दिसायला पाहिजे होतं. पण मी आकडा बघत होतो, कार्ड बघत नव्हतो. मगदूमचा आकडा म्हणून बघतच नव्हतो." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "मी तीन वर्षं तुमचं मन दुरुस्त करत बसलो. बिघाड बोटात."

"दुरुस्त होईल?"

"तीन आठवडे आहेत. बघू."

खऱ्या आकड्यांचीही सरासरी साडेतीनशेच्या वर होती, म्हणून खराडेंनी तेच भरून, स्वतः सही करून अर्ज धाडला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिचे छर्रे काढून घेतले. रिकामं पिस्तूल, समोर कोरी भिंत. नेम धरायला काही नाहीच. नुसतं बोटाच्या पहिल्या पेरानं चाप सरळ मागं आणायचा आणि नळी हलते का बघायचं. रोज दोनशे वेळा. आठवड्यानं छर्रे परत मिळाले. कार्डं खराडे स्वतः मोजायला लागले. माझी मोजणी सगळ्यांसाठीच बंद झाली. वकिलांना फार आनंद झाला असं कळलं.

घरात शालन माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची. मीठ द्या. दूध आलं का. मी रोज संध्याकाळी दारात उभा राहून विचारायचो, "किती?" आणि ती चप्पल काढता काढता आकडा सांगायची. तीनशे चोपन्न. तीनशे छप्पन्न. सत्तावन्न. चाचणीच्या आधीच्या गुरुवारी, तीनशे अठ्ठावन्न. साठला दोन कमी होते. तरी तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसत नव्हती, आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

खराडेंना क्लब सोडून येता येईना, म्हणून पुण्याला मी गेलो. पिशवी धरायला कुणीतरी हवं, असं तिनं मला स्पष्ट सांगितलं. मी पिशवी धरली. ती आत गेली आणि मी दीड-दोन तास बाहेरच्या बाकावर बसलो. बाकावर शेजारी एक गृहस्थ होते, त्यांची मुलगी आत होती. ते म्हणाले, "घरी छान मारते हो, इथं येऊन गडबडते." मी म्हणालो, "घरी मोजतं कोण?" ते जरा सरकून बसले.

दुपारी भिंतीवर यादी लागली. गर्दीत शिरून मी नाव शोधलं. मगदूम शालन. दहा-दहा छर्र्यांचे चार आकडे आणि शेवटी बेरीज, तीनशे अठ्ठावन्न.

मी तिथंच उभा राहिलो. दोन गुण. पूर्वीचा मी असतो तर शालनपर्यंत पोचेस्तोवर काहीतरी जुळवलं असतं, की पुन्हा मोजणार आहेत, की अट सैल करतील. मागं वळलो तर ती उभीच होती.

"किती?"

"तीनशे अठ्ठावन्न," मी म्हणालो.

तिनं मला बाजूला केलं आणि स्वतः यादीपाशी गेली. नावावर बोट ठेवलं. ते बोट सरकवत सरकवत ती पुटपुटली, "नव्वद, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, एकोणनव्वद." बेरीज तिनं स्वतः केली. मग भिंतीला हात टेकून ती हसायला लागली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. ती हसतच होती.

"शालन, दोन कमी आहेत," मी हळूच म्हणालो. मला वाटलं, तिच्या ध्यानात आलं नाही.

"कळतंय मला. गुरुवारी घरी किती होते?"

"अठ्ठावन्न."

"मग?" ती म्हणाली. "चला, गाडी चुकेल."

परतीच्या वाटेवर एसटी साताऱ्याला थांबली. ती खाली उतरली आणि अर्धा किलो कंदी पेढे घेऊन आली. मांडीवर पुडा ठेवून कोल्हापूरपर्यंत झोपली.

सकाळी तिनं अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. मी मागून पुडा धरून चाललो होतो. नष्टेकाकूंनी पेढा हातात घेतला. "निवड झाली न्हवं?"

"नाही झाली."

काकूंचा हात तोंडाशी थांबला. "मग पेढे कसले गं?"

"मी घाबरले नाही, काकू. जेवढं माझं होतं तेवढं सगळं तिथं मारून आले." आणि मग, काकूंना ते पुरेसं वाटलं नसावं म्हणून, "आता साठ मारायचेत. पुढच्या वर्षी."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. हिचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्यांना विचारायचं होतं. मी मान हलवली. काकूंनी पेढा खाल्ला.

घरी आलो तेव्हा पुड्यात चार-पाच पेढे उरले होते. शालननं पुडा माझ्यापुढं केला. गेल्या तीन आठवड्यांत तिनं स्वतःहून मला दिलेली ती पहिली वस्तू. मी एक उचलला, खाल्ला.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"चांगला आहे."

तिनं दुसऱ्या पेढ्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मी उभाच होतो.

"हो," ती म्हणाली. "चांगला आहे."

तेव्हापासून आजपर्यंत मी भाजी चांगली झालीय म्हटलं, साडी शोभते म्हटलं, बाहेर ऊन आहे म्हटलं, तरी शालन आधी स्वतः बघते आणि मगच हो म्हणते. ती बघून होईपर्यंत मी काही बोलत नाही.